कल्याणच्या सुभेदाराची सून : एक कथा, एक दगड व कांहीं कागद

कल्याणचें नांव निघालें म्हणजे मराठी वाचकास दुर्गाडी किल्ला व खाडींतील आरमार यांच्याहि आधीं एक स्त्री आठवते. तिचें नांव कोणास ठाऊक नाहीं. ‘सुभेदाराची सून’ एवढीच तिची ओळख. कीर्तनांत, पोवाड्यांत, नाटकांत आणि पुढें बोलपटांत ती येते ती एकाच प्रसंगापुरती. तिला दरबारांत आणून उभी करितात, महाराज तिला मातेसमान लेखतात, वस्त्रालंकार देऊन तिची पाठवणी होते, आणि ती कथेंतून निघून जाते. ही कथा ज्या रीतीनें आपल्याकडे सांगितली जाते तींत तिला स्वतःस कांहीं बोलावयाचें नसतें.

या कथेस उचलून धरावें किंवा खोडून काढावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे. परंतु ठाणें-कल्याण प्रांतांत स्त्रियांवरील अत्याचार व त्यांचा न्याय यांविषयीं जेव्हां जेव्हां बोलणें निघतें, तेव्हां तेव्हां जुन्या काळचे दोन दाखले हटकून पुढें येतात. एक ही सून, व दुसरा रांझ्याचा पाटील. ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापुरास शाळेंतील लहान मुलींवरील अत्याचाराचें प्रकरण उघडकीस येऊन लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले, तो प्रसंग अद्यापि ताजा आहे. अशा वेळीं ‘पूर्वीं न्याय कसा होत असे’ हें सांगणारे पुष्कळ असतात. तो न्याय कोणत्या कागदांत आहे व त्या कागदांत पीडित स्त्री कोठें आहे, हें पाहणारे थोडे. तें पाहणें हें आपल्यासारख्या दप्तरें चाळणारांचेंच काम आहे.

प्रथम कथेची साधनें पाहूं. कल्याण व भिवंडी हीं ठाणीं शिवाजी महाराजांनीं इ. स. १६५७ च्या ऑक्टोबरांत घेतलीं. हा प्रांत विजापूरकरांचा असून तो त्यांचा सरदार मुल्ला अहमद याच्याकडे होता. कल्याण घेण्याचें श्रेय परंपरेनें आबाजी सोनदेवांस दिलें जातें व सुनेस नजर करण्याचा दोषहि त्यांच्याच माथीं येतो. परंतु परमानंदाचें शिवभारत, जेधे शकावली, किंवा इ. स. १६९७ च्या सुमाराची सभासदाची बखर, यांपैकीं कोणत्याहि निकटवर्ती साधनांत ही सून नाहीं. ग्रांट डफनें इ. स. १८२६ सालीं आपला इतिहास छापला, त्यांत कल्याणचा अंमलदार कैद झाल्याचें व त्यास सन्मानानें सोडून दिल्याचें आहे (डफनें या स्वारीचा काळ जवळजवळ नऊ वर्षें मागें ओढला आहे, ती गोष्ट निराळी). म्हणजे कैद्यास इभ्रतीनें परत पाठविल्याची आठवण जुनी दिसते. त्या कैद्याच्या जागीं त्याची सून उत्तरकालीन परंपरेनें आणून बसविली असावी, असें आमचें मत आहे.

या मतास आणखी एक आधार असा कीं, हीच कथा याच किनाऱ्यावर पुन्हां एकदां ऐकूं येते. चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेंत (इ. स. १७३७-३९) पोर्तुगीज किल्लेदाराची स्त्री, कोणी पत्नी म्हणतात, कोणी सून म्हणतात, सांपडली, व अप्पांनीं तिला सन्मानानें परत पाठविलें, अशी दंतकथा वसईपासून पुण्यापर्यंत प्रसिद्ध आहे. पुरुष बदलले, किल्ला बदलला, धर्म बदलला. पालखी तीच राहिली. कथाशास्त्रांत अशा फिरत्या प्रसंगांस नवल नाहीं. विजेत्याची थोरवी सांगावयाची तर जित शत्रूच्या घरची स्त्री हें सर्वांत सोपें परिमाण होय. पुढें स्वातंत्र्यवीर सावरकरांनीं ‘सहा सोनेरी पानें’ या ग्रंथांत ही पाठवणी चुकीची ठरवून तीवर कठोर टीका केली, व त्यावरून आजतागायत वाद चालतो. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. एवढेंच म्हणतों कीं, परत पाठविली म्हणून स्तुति करणारा व परत पाठविली म्हणून दोष देणारा, दोघेहि तिला दोन सत्तांमधील देण्याघेण्याची वस्तु समजूनच बोलत असतात.

तथापि कथा उत्तरकालीन ठरली म्हणून तिच्यामागील आचार खोटा ठरत नाहीं, हें मात्र निक्षून सांगितलें पाहिजे. सभासदानें लष्कराचे जे कायदे दिले आहेत त्यांत सैन्याबरोबर बायको, बटीक वा कलावंतीण नसावी व परमुलखांत बायकापोरें धरूं नयेत, असा स्पष्ट निर्बंध असून तो मोडणारास देहान्त शासन आहे. सभासद हा घरचा साक्षीदार म्हणून कोणी त्याजवर विसंबणार नाहीं, तर खाफीखानाकडे जावें. मोंगली पक्षाचा हा इतिहासकार महाराजांविषयीं अपशब्दांवांचून लिहीत नाहीं. तोहि कबूल करतो कीं त्यांच्या लष्करास मशिदी, कुराण व स्त्रिया यांस उपद्रव न देण्याची सक्त ताकीद होती. शत्रूच्या तोंडची साक्ष म्हणून हा उतारा आपल्याकडे फार वेळां दिला जातो. परंतु त्याच उताऱ्यांत पुढें जें आहे तें बहुधा गाळलें जातें. बंदींत आलेली स्त्री हिंदु असो वा मुसलमान, तिचें रक्षण करणारें कोणी नसल्यास तिचे आप्त योग्य खंडणी घेऊन येईपर्यंत तिजवर पहारा ठेवीत, असें खाफीखान सांगतो. अब्रूचें रक्षण होतें, पण सुटकेस किंमत होती, आणि ती किंमत पुरुष आप्तांनीं आणावयाची होती. आप्त आलेच नाहींत तर पुढें काय, हें खान लिहीत नाहीं. सतराव्या शतकांतील युद्धाच्या मानानें हा आचार फारच वरच्या दर्जाचा होता यांत संशय नाहीं. पण त्यास लष्करी शिस्त म्हणावें. जिच्यावर अन्याय घडून गेला तिला न्याय देणें ही निराळी बाब आहे, आणि तिच्यासाठीं निराळे कागद पहावे लागतात.

कागदांकडे जाण्यापूर्वीं थोडें मागें, दगडांकडे जाऊं. कारण ठाणें प्रांतांत स्त्रीदेह व न्याय यांची सांगड ज्या सर्वांत जुन्या मराठी लेखांत आहे ते दगडावर कोरलेले आहेत. श्रीस्थानक म्हणजे ठाणें ही उत्तर कोंकणच्या शिलाहारांची राजधानी. त्यांच्या दानलेखांवर व त्यांनंतरच्याहि कित्येक शिळांवर गर्दभ व स्त्री यांचें जें चित्र असतें त्यास आपण गद्धेगाळ म्हणतों. भिवंडीजवळील चौधरपाड्याचा केशिदेवाचा शके ११६१ चा लेख संशोधकांस परिचित आहे. डोंबिवलीसहि गद्धेगाळ आहे. आणि अपरादित्याच्या इ. स. ११८७ च्या परळच्या लेखांत तर तें शापवचन संस्कृत मजकुराच्या शेवटीं मराठींत घातलें आहे. राजाज्ञा संस्कृतांत आणि शिवी लोकभाषेंत, यावरून मराठीच्या प्राचीनत्वाचा विचार पुष्कळांनीं केला आहे. शिवीचा विचार त्या मानानें कमी झाला.

त्या शापाचें कायद्याच्या दृष्टीनें स्वरूप असें आहे. दान दिलेली जमीन कोणी हिरावून घेईल, तर त्याच्या मातेची गाढवाकडून विटंबना होवो. अपराध जमिनीचा, अपराधी पुरुष, आणि शिक्षा त्याच्या आईस. ही शिक्षा कोणी प्रत्यक्ष अमलांत आणीत असे असें नव्हे. ती धमकी आहे. पण धमकी ज्या चलनांत दिली जाते तें चलन समाजांत चालू असावें लागतें. स्त्रीवरील अत्याचार हा तिच्या पुत्राचा, पतीचा वा कुळाचा मानभंग, ही कल्पना येथें दगडावर आणि चित्रासह कोरलेली आहे. अक्षर न येणाऱ्या कुणब्यासहि ती कळावी म्हणून तर चित्र. कित्येक ठिकाणीं लोक या शिळेस शेंदूर लावून देव म्हणून पुजतात, कित्येक ठिकाणीं ती अशुभ म्हणून पालथी घालतात. ज्या कोणा सद्गृहस्थांच्या गांवीं अशी शिळा असेल त्यांनीं ती उलटवून तिचा ठसा अवश्य घ्यावा.

आतां रांझ्याचा कागद. हा शिवमुद्रांकित कागद दि. २८ जानेवारी १६४६ चा असून तो पुणें प्रांतांतील आहे. ठाणें-कल्याणशीं त्याचा प्रत्यक्ष संबंध नाहीं. परंतु वर सांगितल्याप्रमाणें कल्याणच्या चौकांतहि न्यायाचा दाखला म्हणून त्याचेंच नांव निघतें, म्हणून तो येथें पाहणें अवश्य झालें. खेडेबारें तर्फेंतील मौजे रांझें येथील मोकदम बावाजी भिकाजी गुजर यानें बदअमल केला, ही गोष्ट हुजुरांस समजल्यावर त्यास आणवून चौकशी केली, ती खरी ठरली, तेव्हां त्याचे हातपाय तोडून त्यास मोकदमीवरून दूर केलें; पुढें त्याच्याच गोतांतील सोनजी गुजर यानें त्याचा सांभाळ पत्करला व रक्कम भरल्यावर पाटिलकी त्याच्याकडे देण्यांत आली, असा त्याचा आशय आहे. महाराजांचें वय तेव्हां सोळा वर्षेंहि पुरें नव्हतें (शिवजन्म १६३० हें धरून). वतनदार पाटलास, म्हणजे ज्याच्या पाठीशीं सारें गोत उभें राहावयाचें अशा माणसास, एवढी शिक्षा देणें ही सामान्य गोष्ट नव्हे. चौकशी आधीं व शिक्षा मागाहून, हा क्रमहि ध्यानांत घेण्यासारखा आहे. कारण आज जे हातपाय तोडण्याचेंच तेवढें सांगतात ते चौकशीचें वाक्य गाळतात.

पण कागद पुन्हां एकदां सावकाश वाचावा. त्यांत स्त्री कोठें आहे? ‘बदअमल’ या एका फारसी शब्दांत. तो शब्द स्त्रीवरील अत्याचारास उद्देशून आहे असा अर्थ संशोधकांनीं व परंपरेनें लाविला, व तो प्रसंगास धरूनहि आहे. परंतु ती कोण, कोणाची, कोणत्या वाड्यांतली वा वस्तींतली, तिनें स्वतः फिर्याद केली कीं तिच्या बापानें वा भावानें, पाटलाचे हात तुटल्यावर ती रांझ्यांतच राहिली कीं कोठें गेली, यांपैकीं एकहि गोष्ट त्या कागदांत नाहीं. आपण तिच्यासाठीं वाचतों तो कागद मुळीं तिच्यासाठीं लिहिलेलाच नव्हता. तो पाटिलकीचा कागद आहे. सोनजीच्या वंशजांस उद्यां कोणी वतनाविषयीं विचारलें तर दाखवावयास हवा म्हणून तो लिहिला गेला, आणि म्हणूनच जपलाहि गेला. अपराध्याचें नांव, त्याच्या बापाचें नांव, नव्या पाटलाचें नांव हीं सर्व त्यांत आलीं. जिच्यामुळें हें सारें घडलें तिच्या नांवाचें लेखकास कारण पडलें नाहीं.

याच जातीचें एक उदाहरण दक्षिणेंतलें आहे. बेलवडीच्या देसाइणीनें महाराजांच्या फौजेस इ. स. १६७८ मध्यें दाद दिली नाहीं, हें राजापूरच्या इंग्रजांच्या पत्रांतहि आलें आहे. गढी पडल्यावर तिची विटंबना करणाऱ्या सखुजी गायकवाडाचे डोळे काढून त्यास कैदेंत टाकल्याची हकीकत उत्तरकालीन बखरींतून येते. कोणी तिला सावित्रीबाई म्हणतात, कोणी मल्लम्मा. येथेंहि सरदाराच्या नांवाविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो तिच्या नांवाविषयीं.

यावर कोणी म्हणेल कीं, त्या काळीं स्त्रियांचीं नांवें कागदांत येतच नसत. हें खरें नाहीं. वतनदाराची विधवा दत्तक घेते, वतनाचा भाग विकते, भाऊबंदांवर फिर्याद करते, तेव्हां तिचें नांव महजरांत व निवाडपत्रांत स्वच्छ येतें. मराठेशाहींतील न्यायाची रीत आपणांस ठाऊक आहे, डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनीं इ. स. १९५३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधांत ती सांगोपांग मांडली आहे. तंटा गोतापुढें येई, पाटील, कुळकर्णी, बलुते, परगण्याचे देशमुख-देशपांडे बसत, वादी-प्रतिवाद्यांकडून निवाडा मान्य असल्याचे राजीनामे व जामीन घेत, साक्षी होत, साक्षींनीं न उलगडल्यास दिव्य होई, शेवटीं महजर लिहून त्यावर पाटील आपला नांगर व बलुतेदार आपापल्या हत्याराचें चिन्ह करीत. समाजानें एकत्र बसून, बोलून, न्याय ठरविण्याची याहून व्यापक पद्धति त्या काळीं क्वचितच असेल. पण ती मुख्यतः वतनासाठीं होती. स्त्रीला त्या सभेंत जागा मिळाली ती जमिनीची वारस म्हणून. शरीरावर झालेल्या अन्यायाची फिर्यादी म्हणून तिचें नांव धुंडूं लागलें म्हणजे रुमालामागून रुमाल सोडावे लागतात.

आणि सांपडतें तेव्हां तें बहुधा उलट्या बाजूस सांपडतें. पेशवाईच्या दप्तरांत बदअमल, सिंदळकी या सदरांखालीं ज्या नोंदी आहेत त्यांत बळजोरी व संमतीचा व्यभिचार यांचा भेद क्वचितच केलेला दिसतो. गुन्हेगारीची रक्कम जमेस धरली कीं कारकुनाचें काम झालें. पुरुषास दंड होई. बाईस कित्येक वेळां कुणबीण करून सरकारी कोठींत वा किल्ल्यावर कामास ठेवीत. तिजवर जुलूम झाला होता कीं ती आपखुशीनें गेली होती, हा प्रश्न ज्या नोंदींत विचारलेलाच नाहीं त्या नोंदींवरून त्याचें उत्तर काढण्याचा मोह संशोधकानें आवरला पाहिजे. आम्हांस या सदराखालील जमेच्या नोंदी वाचतांना दुर्गाडीवरील त्या सुंदर कथेची आठवण होऊन क्षणभर थांबावेंसें वाटतें.

येथवर कल्याणच्या कथेंतील स्त्री व त्या काळच्या कागदांतील स्त्री, दोघीहि मुक्या आढळल्या. परंतु याच कल्याणांत पुढें एक स्त्री अशी निघाली कीं तिनें आपणांवर झालेल्या मारहाणीविषयीं स्वतःच्या हातानें, मराठींत, लिहून ठेविलें, आणि तें पत्र शिल्लक राहिलें. ती म्हणजे कल्याणच्या जोशी घराण्यांत इ. स. १८६५ च्या ३१ मार्च रोजीं जन्मलेली यमुना, पुढें डॉ. आनंदीबाई जोशी या नांवानें जगास माहीत झालेली.

तिच्या चरित्राचा सांगाडा सर्वांस पाठ आहे. नवव्या वर्षीं लग्न; वर गोपाळराव विनायक जोशी, टपालखात्यांतील नोकर, बिजवर, वयानें सुमारें वीस वर्षांनीं वडील; चौदाव्या वर्षीं मूल, तें दहा दिवसांत गेलें; १८८३ च्या एप्रिलांत कलकत्त्याहून एकटीचें प्रयाण; फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून ११ मार्च १८८६ रोजीं पदवी; २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत अंत, वय बावीसहि पुरें नाहीं. गोपाळराव स्त्रीशिक्षणाचे कट्टे पुरस्कर्ते होते. बायकोस मारणारे नवरे त्या काळीं घरोघर होते. हे अभ्यास सोडून स्वयंपाकघरांत रमली म्हणून मारीत, असें चरित्रकार सांगतात. हेतु चांगला असल्यानें त्या मारास मार म्हणण्यास पुष्कळांची जीभ अडखळली, व अद्यापि अडखळते. ‘विक्षिप्त’, ‘तऱ्हेवाईक’ एवढ्यावर भागविण्यांत येतें.

आनंदीबाईंची जीभ अडखळली नाहीं. अमेरिकेहून नवऱ्यास लिहिलेल्या एका पत्रांत तिनें या वर्तनाचा जो विचार केला आहे तो, आमच्या मतें, एकोणिसाव्या शतकांतील मराठी गद्याच्या उत्तम नमुन्यांत गणला जावा. तुमची वागणूक बरी कीं वाईट हें ठरविणें कठीण आहे, असा आरंभ करून ती म्हणते कीं ती दोन्ही होती. अंतिम हेतु पाहतां ती योग्य वाटेल, पण लहान मुलीच्या मनावर होणारा परिणाम पाहतां ती अयोग्यच म्हणावी लागेल. मग ती वयवार हिशेब मांडते. दहाव्या वर्षीं लांकडाच्या तुकड्यांनीं मारणें. बाराव्या वर्षीं खुर्च्या व पुस्तकें फेंकणें आणि सोडून जाण्याची धमकी. चौदाव्या वर्षीं आणखी चमत्कारिक शिक्षा. प्रत्येक शिक्षा त्या त्या वयाच्या शरीरास व मनास न सोसणारी होती, असा तिचा निर्णय आहे. घर सोडून गेलें असतें तर आपला नाश झाला असता व बापाच्या नांवास कलंक लागला असता, म्हणून गेलें नाहीं, हेंहि ती सांगते. आणि शेवटीं ती कायद्यावर येते. नवराबायकोंमध्यें आपल्या समाजांत कायद्याची आडकाठी नाहीं, व असलीच तर ती पुरुषाच्या बाजूची. तेव्हां मुकाट्यानें मार खाण्यावांचून उपाय नव्हता.

हें वाचतांना ज्यांनीं निवाडपत्रें हाताळलीं आहेत त्यांच्या एक गोष्ट लक्षांत येईल. या पत्राची रचना फिर्यादीची नाहीं, निवाड्याची आहे. दोन्ही बाजू मांडल्या, काळवार पुरावा दिला, प्रतिवाद्याच्या हेतूचा विचार केला, मग निर्णय दिला. जी सभा तिच्यासाठीं कोठें भरली नाहीं ती तिनें एकटीनें कागदावर भरविली. शिवाय तें पत्र ज्याच्याविरुद्ध साक्ष देतें त्याच्याच नांवें लिहिलेलें होतें, आणि त्यानें तें फाडून टाकलें नाहीं, हेंहि गोपाळरावांच्या जमेस मांडलें पाहिजे. पुढें काशीबाई कानिटकरांनीं आनंदीबाईंचें चरित्र लिहितांना तिचीं पत्रें वापरलीं व छापलीं, म्हणून आज आपणांस तिचा शब्द ऐकूं येतो.

तिचें कायद्याविषयींचें मत अतिशयोक्तीचें होतें काय? इ. स. १८६० च्या दंडविधानांत दुखापत हा गुन्हा होता, पण नवऱ्याच्या घरांत त्याचा उपयोग कोण करणार? बायको दहा वर्षांची झाली कीं तिजवरील बळजोरी तें विधान बळजोरी समजत नसे. ती मर्यादा १८९१ मध्यें बारा वर्षांवर आली, आणि तेवढ्यासाठीं सारा महाराष्ट्र दोन वर्षें भांडला. मलबारींचीं टिपणें १८८४ चीं. ताराबाई शिंद्यांची ‘स्त्रीपुरुषतुलना’ त्याच्या दोन वर्षें आधींची. रखमाबाईंनीं ‘एक हिंदु स्त्री’ या सहीनें मुंबईच्या इंग्रजी पत्रांत १८८५ मध्यें लिहिलें, तेव्हां प्रथमच ज्या बाईचा खटला चालू आहे तीच त्या वादांत बोलूं लागली. आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांनीं, मार्च १८८७ मध्यें, मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति फॅरन यांनीं रखमाबाईंस नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा, असा हुकूम दिला. ‘असलीच तर पुरुषाच्या बाजूची’ या वाक्यावर याहून समर्पक भाष्य सुचत नाहीं.

नवऱ्याच्या व सासरच्या छळास गुन्हा ठरविणारें कलम ४९८-अ दंडविधानांत आलें तें १९८३ मध्यें. आनंदीबाई बोटींत बसली त्यास तेव्हां बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं. त्याच वर्षीं दुसरी एक दुरुस्ती झाली, व आमच्या विषयाशीं तिचा संबंध अधिक जवळचा आहे. इ. स. १९७२ मध्यें चंद्रपूर जिल्ह्यांत एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यांत अत्याचार झाला; सर्वोच्च न्यायालयानें १९७८ मध्यें दोन्ही पोलिसांस निर्दोषी सोडलें. यावर उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चार कायदेपंडितांनीं १९७९ मध्यें सरन्यायाधीशांस उघडें पत्र लिहिलें, मुंबईंत व इतरत्र स्त्रियांच्या सभा झाल्या, आणि त्या चळवळींतून १९८३ ची दुरुस्ती निघाली. तो खटला त्या मुलीच्याच नांवानें ओळखला जातो. तीच दुरुस्ती मात्र असा निर्बंध घालून गेली कीं, यापुढें अशा स्त्रीचें नांव कोणी छापूं नये (कलम २२८-अ, १ जुलै २०२४ पासून नव्या न्यायसंहितेंत तें ७२ वें).

म्हणजे आज बदलापूर-कल्याणच्या कागदांतहि स्त्रीचें नांव नाहीं, आणि रांझ्याच्या कागदांतहि नाहीं. वरवर पाहतां दोन्ही सारखे. परंतु एका कागदांत नांव नाहीं, कारण लिहिणारास तिची गरज भासली नाहीं. दुसऱ्यांत नांव नाहीं, कारण तिचें पुढील आयुष्य तिला निर्वेध जगतां यावें. पुढच्या शतकांतील संशोधकास हा भेद कागद पाहून कसा कळावा? एकच उपाय दिसतो. नांव झांकलें तरी म्हणणें झांकतां कामा नये. आजच्या खटल्यांच्या कागदांत फिर्यादीची जबानी असते, उलटतपासणी असते. रांझ्याच्या कागदांत फक्त निकाल आहे. हे खटल्यांचे कागद कोठें व किती काळ राखले जातात, हा प्रश्न केवळ वकिलांनीं सोडवावयाचा नाहीं.

जुन्या कागदांविषयीं आमची विनंति याहून साधी आहे. ठाण्यांत विनायक लक्ष्मण भाव्यांनीं १८९३ मध्यें मराठी ग्रंथसंग्रहालय उभें केलें व जुन्या कवितेच्या पोथ्यांसाठीं आयुष्य वेंचलें. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय तर १८६४ चें, यमुनेच्या जन्माच्या आदल्या वर्षींचें. या प्रांतीं संग्रहाची परंपरा थोर आहे. पण संग्राहकांची निवड आपण जाणतों. घरचें दप्तर सोडतांना सनदा, वतनपत्रें, महजर, फडणिशी हिशेब एका बाजूस ठेवतात. शंभर वर्षांपलीकडील पोथी कसलीहि असली तरी तिला फडकें मिळतें. आजीची लेकीस लिहिलेली पोष्टकार्डें, सासुरवाशिणीनें माहेरीं धाडलेली वेड्यावांकड्या अक्षरांतील चिठ्ठी, औषधाच्या वा धोब्याच्या वहीच्या पाठीमागें लिहिलेला एखादा परिच्छेद, हे रद्दींत जातात. आणि कांहीं घरांतून तर अब्रूचा प्रश्न म्हणून मुद्दाम जाळले जातात. ज्या कागदांत ती बोललेली असण्याचा संभव सर्वांत अधिक, तेच कागद आपण स्वतःच्या हातानें कमी करतों.

तेव्हां कल्याण, डोंबिवली, ठाणें, भिवंडी येथील ज्या घरांतून असे जुने कागद अद्यापि माळ्यावर असतील त्यांनीं ते विकण्यापूर्वीं बायकांच्या हातचें अक्षर तेवढें वेगळें काढावें. कुटुंबाची हरकत असल्यास नांवें खोडून नक्कल करावी, मूळ कागद मोहोरबंद ठेवावा, व त्यावर तो अमुक वर्षांपर्यंत उघडूं नये असें लिहावें. खासगी पत्रांच्या संग्रहांत हा प्रघात इतरत्र आहेच. नक्कल करतांना शुद्धलेखन सुधारूं नये, खाडाखोड जशी असेल तशी दाखवावी, आणि मधला मजकूर ‘घरगुती, निरुपयोगी’ म्हणून गाळूं नये. अशी कांहीं पत्रें कोणाकडे असल्यास त्यांची तारीखवार यादी आधीं व्हावी. वाचन मागाहून होईल.